कर्करोगाच्या ऑपरेशननंतर घरी: उमेद टिकवायची तर कामं कोणत्या क्रमानं करायची

आमच्या आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणल्याबरोबर आम्ही सगळे धीर द्यायला लागलो. "काही होणार नाही", "मनानं खंबीर राहा", "चांगला विचार कर". ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली, काखेखालून नळी निघालेली, हात उशीवर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, मला आधी नीट झोपू द्या. खंबीर मी नंतर होते."

तेव्हापासून लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा इंदुरातल्या ओळखीच्या घरांमधून कुणी बोलावलं की मी जाते, आणि बहुतेक ठिकाणी तीच चूक दिसते. माणसं जीव लावणारी असतात, धावपळही करतात, पण क्रम उलटा धरतात. शब्दांचा धीर आधी, गोळीची वेळ नंतर. रुग्णाला दुखत असतं, झोप नसते, पोट साफ नसतं, पुढे काय होणार हे कुणी सांगत नसतं. त्यात तिनं आशावादी दिसावं अशीही अपेक्षा असते.

मला समजलेला क्रम असा: आधी दुखणं, मग झोप आणि पोट, मग खरी माहिती, मग हातात काम, मग पुढची तारीख. हे लेखन मुख्यतः स्तनाच्या ऑपरेशनबद्दल आहे, कारण ते मी जवळून पाहिलं. तोंडाच्या किंवा पोटाच्या ऑपरेशनचे नियम वेगळे असतात, त्याबद्दल मध्ये थोडं येईल. आणि कुठल्याही बाबतीत तुमच्या सर्जननं वेगळं सांगितलं असेल, तर तेच धरा.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, गाडी, सही यांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून तयारी आदल्या दिवशी संध्याकाळी करा. एक दोनशे पानी वही घ्या. सुट्या चिठ्ठ्या नकोत, त्या हरवतात. पहिल्या पानावर हे प्रश्न लिहून डॉक्टरांच्या राउंडला उभे राहा:

१. कोणती गोळी किती वाजता, किती दिवस? दुखणं जास्त झालं तर वरची गोळी कोणती?
२. ड्रेन कसा रिकामा करायचा, आणि रोज किती आलं की काढणार?
३. अंगावर पाणी कधी घ्यायचं? तोवर अंग कसं पुसायचं?
४. हात कुठवर उचलायचा, कोणत्या दिवसापासून?
५. रात्री अडीच वाजता अडचण आली तर फोन कुणाला?
६. बायोप्सीचा रिपोर्ट कधी, कुणी आणायचा?

ड्रेन म्हणजे जखमेतून निघालेली नळी आणि तिच्या टोकाची दाबून ठेवायची डबी. ती रिकामी कशी करायची ते सिस्टरना विचारा आणि त्यांच्या समोर स्वतः एकदा करून दाखवा. नुसतं बघून घरी गेलेलं माणूस हमखास गडबडतं. आमच्याकडे मी बघितलं होतं, केलं नव्हतं, आणि पहिल्या रात्री डबी दाबायचीच राहिली.

घरातली तयारी:

पलंग असा लावा की मोकळी बाजू तिच्या चांगल्या हाताकडे येईल. उठताना ती चांगल्या कुशीवर वळून त्याच हाताचा आधार घेणार. खाली गादी घालू नका, जमिनीवरून उठताना दोन्ही हातांवर भार येतो. पाण्याचा तांब्या, चष्मा, फोन आणि एक छोटी घंटी चांगल्या हाताच्या टप्प्यात ठेवा. घंटी क्षुल्लक वाटेल. पण घसा बसलेला असताना सारखी हाक मारावी लागणं म्हणजे दर वेळी कुणाचे तरी उपकार मागणं, असं आईला वाटायचं. घंटी आली आणि ती मोकळेपणानं बोलवायला लागली.

पुढून पूर्ण उघडणारे सुती गाऊन तीन तरी हवेत. आतून जुन्या साडीच्या कापडाची पिशवी शिवून घ्या, म्हणजे ड्रेनची डबी त्यात बसते आणि नळीला ओढ बसत नाही. डबी नेहमी जखमेच्या पातळीखाली असावी. गाडीतून आणताना पट्टा आणि छातीच्या मध्ये मऊ उशी ठेवा आणि चालवणाऱ्याला स्पीड ब्रेकरची आठवण करून द्या.

मग वाटणी. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहा: दिवसा कोण, रात्री कोण, दवाखान्यात कोण, फोन कोण घेणार. लांब राहणाऱ्या माणसाला नेमकं काम दिलंच पाहिजे. माझा दादा पुण्याला असतो. काम नव्हतं तोवर तो दिवसातून पाच वेळा फोन करून "कशी आहे?" विचारायचा, आणि प्रत्येक फोननंतर घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. मग कागदपत्रं त्याच्याकडे दिली: बिलं, विम्याचे अर्ज, सगळे रिपोर्ट स्कॅन करून तारखेप्रमाणे लावणं. ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांना वर्षाला एका कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. त्याची कागदपत्रं बघायलाही असाच एक माणूस नेमा.

निघण्याआधी पाहा: वहीतल्या सहाही प्रश्नांपुढे उत्तर लिहिलंय का? ड्रेन तुम्ही स्वतः एकदा रिकामा केलाय का? आजच्या रात्रीच्या गोळ्या हातात आहेत का? नसतील तर तिथल्याच औषधाच्या दुकानातून घेऊन निघा.

## टप्पा २: पहिले चार-पाच दिवस. दुखणं, झोप, पोट

गोळी वेळेवर, दुखण्यावर नाही. "सहन होईल तोवर सहन कर, गोळ्या वाईट" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते, तोवर माणूस घामाघूम झालेलं असतं, श्वास उथळ झालेला असतो. डॉक्टरांनी दर आठ तासांनी सांगितली असेल तर आठ तासांनीच द्या, सुरुवातीचे दिवस गजर लावून.

दुखणं मोजायचं कसं? दवाखान्यात शून्य ते दहा विचारतात. आईला ते जमेना, दर वेळी म्हणायची, "दुखतंय गं बाई." शेवटी विचारलं, "सोळा आण्यांत किती?" लगेच उत्तर आलं, "बारा आणे." त्या दिवसापासून वहीत आण्यांचा एक रकाना पडला. सकाळी, दुपारी, रात्री. चार दिवसांत बाराचे सहा झालेले तिनं स्वतः पाहिले. आम्ही शंभर वेळा "बरं वाटेल" म्हणून जे झालं नव्हतं, ते त्या रकान्यानं केलं. तुमच्या घरी जे माप बोललं जातं ते घ्या, पण मोजा आणि लिहा.

ड्रेन. सकाळी आठ आणि रात्री आठ, दोनच वेळा ठरवा. साबणानं हात धुवा. डबीचं झाकण उघडा, मापाच्या भांड्यात ओता, किती मिलिलिटर आणि रंग कसा ते लिहा. मग डबी दाबून आतली हवा काढा आणि दाबलेली असतानाच झाकण लावा. ती चपटी राहिली तरच ओढ राहते. फुगलेली डबी म्हणजे नुसती लोंबणारी बाटली. सुरुवातीला लालसर येतं, मग गुलाबी, मग गवतासारखं पिवळसर. साधारणपणे चोवीस तासांत २०-३० मिलिलिटरच्या खाली आलं की ड्रेन काढतात, पण आकडा सर्जन ठरवतील. त्याला आठवडा लागतो, काहींना दोन. शेजारणीचा पाच दिवसांत निघाला म्हणून आपलं काही बिघडलंय असं नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

वापरलेल्या पट्ट्या आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. कचरागाडीवर कप्पे वेगवेगळे असतात, हे कुठल्या कप्प्यात टाकायचं ते गाडीवाल्याला विचारा. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की धावत जाऊन सगळं एकत्र टाकायची घाई नको.

झोप. पाठीवर, वरचं अंग थोडं उचलून, ऑपरेशनच्या बाजूचा हात उशीवर. रात्रीची गोळी आणि ड्रेनचं काम दहाच्या आत आटपा. रात्री औषधाची वेळ नसेल तर "बरी आहेस ना?" म्हणून उठवू नका.

पोट. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं, आणि बाया हे तीन-तीन दिवस लाजेनं सांगत नाहीत. रोज विचारा. कोमट पाणी, मनुका, पपई, दुधीची भाजी, आणि दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात फेरी. फेरीचा दुसरा फायदा असा की पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. दोन दिवस काहीच झालं नाही तर डॉक्टरांना सौम्य रेचक विचारा.

जेवण. जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला म्हणजे ६५ ते ८० ग्रॅम. नुसत्या मऊ भातानं आणि साबुदाण्याच्या खिचडीनं हे भरत नाही. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, हे दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सकाळी पोहे द्या, पण त्यात मोड आलेले मूग आणि भरपूर दाणे घाला, वरून शेव-जिरावण थोडीच.

तोंडाचं ऑपरेशन झालेल्यांना सुरुवातीला बऱ्याचदा बोलता येत नाही, नाकातल्या नळीनं पातळ अन्न द्यावं लागतं. त्यांच्या हाताशी पाटी-पेन्सिल ठेवा आणि ते लिहीत असताना वाक्य त्यांच्या आधी पुरं करू नका. पोटाच्या ऑपरेशनवाल्यांना खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकवा.

लगेच फोन करा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. जखम लाल, गरम, पू किंवा वास. ड्रेनमध्ये अचानक लालभडक रक्त वाढलं. ड्रेन एकदम बंद आणि खाली फुगवटा. एका पायाला सूज आणि दुखणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

## टप्पा ३: भेटायला येणारे

हा टप्पा मी वेगळा काढला, कारण चांगली सावरत असलेली माणसं इथे खचताना पाहिली आहेत.

आपल्या इंदुरात कुणी आजारी पडलं की माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत आणि लवकर जातही नाहीत. ते प्रेम खरंच आहे, त्यावर दार लावायचं नाही. पण वेळ तुम्ही ठरवायची. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी दोन माणसं. सर्दी-खोकला असेल त्यांनी फोनवर. हे सगळं नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा लिहून टाकलं, आईला वाचून दाखवून. तिच्याबद्दलचा कुठलाही निरोप तिला न दाखवता पाठवायचा नाही, हा नियम तिनंच घातला. बरोबरच आहे. बातमी तिची, तर सांगायची किती हेही तिनंच ठरवायचं.

पहिले तीन दिवस भेटी नकोतच. नंतरही येणाऱ्याला दारातच एक वाक्य सांगा: "दुसऱ्यांच्या केसेस सांगू नका." "आमच्या नणंदेचंही असंच झालं होतं" इथे गोष्ट सुरू झाली की ती कुठे संपेल सांगता येत नाही. मी एकदा आईच्या पायाशी बसून ही गोष्ट शेवटापर्यंत ऐकली आहे. थांबवायला हवी होती.

"तू फार विचार करतेस, म्हणून हे झालं" आणि "सकारात्मक राहिलीस तरच बरी होशील" ही दोन वाक्यं तर घरात येऊच देऊ नका. मन उदास असल्यानं कर्करोग होतो किंवा परत येतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण या वाक्यांमुळे बाई स्वतःला दोषी मानते आणि रडू आलं तरी घाबरते. आईला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रडल्यानं आजार वाढत नाही. त्या दिवशी ती पोटभर रडली आणि दोन घास जास्त जेवली.

मग बोलायचं काय? "आज काय खाल्लंस?" "कोणतं काम करून ठेवू?" "बसू का नुसती?" एवढं पुष्कळ. शेजारच्या भाभी यायच्या, दोन ओळी बोलायच्या आणि धुतलेले कपडे घड्या करून जायच्या. त्यांची वाट आई सगळ्यात जास्त बघायची.

काढे, रस, चूर्णं येतील. नाही म्हणून मन मोडू नका, घ्या आणि बाजूला ठेवा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात काही जाऊ देऊ नका, विशेषतः पुढे केमो होणार असेल तर.

## टप्पा ४: रिपोर्टची वाट

ऑपरेशनमधला तुकडा तपासून रिपोर्ट यायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. जखमेचं दुखणं उतरत असतं आणि नेमकी तेव्हाच भीती चढते. "आता तर बरी दिसतेय, मग एवढी गप्प का?" असं घरच्यांना वाटतं. ती रिपोर्टची वाट बघत असते.

१. तारीख आधीच विचारून वहीत लिहा. कधी कधी हर-टू नावाच्या (गाठीतल्या एका प्रथिनाच्या) तपासणीचं उत्तर अधलंमधलं येतं आणि फिश ही पुढची तपासणी करावी लागते, तेव्हा आणखी दिवस जातात. हे आधी माहीत असलं की उशीर म्हणजे वाईट बातमी असं वाटत नाही.

२. रुग्णाला आधीच विचारा: "तुला सगळं ऐकायचंय, की थोडक्यात?" काहींना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना फक्त पुढे काय एवढंच. दोन्ही चालतं. तिनं न विचारलेलं लादू नका, पण विचारलेल्याला खोटं उत्तर एकही नको.

३. रिपोर्ट घरी उघडून घोळक्यानं वाचू नका. आमच्याकडे त्याचा फोटो ग्रुपवर गेला आणि रात्री साडेअकराला दादाचा रडवेला फोन, "तिसरी स्टेज आहे?" रिपोर्टमध्ये ग्रेड ३ लिहिलं होतं. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात ते, १ ते ३. स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय ते, आणि ती ० ते ४ अशी असते. या दोन्हींत गल्लत झाल्यानं रात्र-रात्र जागलेली घरं मला माहीत आहेत.

४. डॉक्टरांकडे रुग्णाला घेऊनच जा. तिला बाहेर बसवून आत कुजबुजणं ही या टप्प्यातली सगळ्यात मोठी चूक. बाहेर बाकावर बसलेल्या बाईच्या मनात जे उभं राहतं ते बहुतेक वेळा रिपोर्टपेक्षा भयंकर असतं. आत हे विचारा: काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या का, म्हणजे कडेला आजार नाही ना? काखेतल्या किती गाठी तपासल्या, किती गाठींत आजार निघाला? इआर, पीआर (आजार हार्मोनवर वाढणारा आहे का, हे सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू काय आलं? केमो, रेडिएशन म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो, आणि गोळ्या, यांतलं काय लागणार, कोणत्या क्रमानं आणि कधी सुरू?

५. उत्तरं रुग्णाच्या समोर लिहा आणि घरी आल्यावर तिला वाचून दाखवा. ऐकलेलं निम्मं तिथेच विसरलं जातं.

बातमी अपेक्षेपेक्षा जड निघाली तर घाईघाईनं ती हलकी करून सांगू नका. "अगं, हल्ली सगळं बरं होतं" असं लगेच म्हटलं की ती पुढचे प्रश्न गिळते. थोडा वेळ गप्प बसा. पाणी द्या. मग विचारा, "सगळ्यात जास्त कशाची भीती वाटतेय?" आईचं उत्तर होतं केसांची. आम्ही मरणाची समजूत घालायच्या तयारीत होतो.

पाहा: पुढच्या उपचाराची पहिली तारीख रुग्णाला स्वतःला सांगता येतेय का? येत नसेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा ५: हात आणि हातातलं काम

"तू फक्त आराम कर." हे आपण प्रेमानं म्हणतो आणि तिच्या हातातलं घर काढून घेतो. कालपर्यंत किराण्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं बघणाऱ्या बाईला आठवडाभर नुसतं झोपवून ठेवलं की "आता माझा काही उपयोग नाही" असंच तिला वाटणार.

आधी शरीराचा हात. सुरुवातीच्या दिवसांत मूठ उघडझाप, कोपर वाकवणं, खांदे हळू गोल फिरवणं. ड्रेन असेपर्यंत हात सहसा खांद्याच्या वर नेत नाहीत. ड्रेन निघाल्यावर आणि सर्जननी होकार दिल्यावर भिंतीवर बोटांनी चढणं सुरू करा. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर सरकवायची, ओढ लागली की थांबायचं, पाच मोजायचं, खाली. पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ओढ चालेल, कळ नको.

मुलांची उंची जशी दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतो, तशी आईची बोटं जिथवर पोचली तिथे बाबा पेन्सिलनं रेघ मारायचे, बाजूला तारीख. कधी रेघ कालच्याच जागी यायची, एकदा खालीही आली. खाली आली तीसुद्धा लिहिली. पंधरा दिवसांत ती वीतभर वर गेली होती.

काखेपासून कोपराकडे दोरी ताणल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, पण फिजिओथेरपिस्टला दाखवा. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं नेहमीचं आहे.

मग कामं. आईला आम्ही पहिलं काम दिलं वाती वळायचं. बसल्या जागी, कापूस हलका, बोटं चालतात, आणि देवघरात रोज संध्याकाळी लागतात म्हणून ते खोटं काम नाही. रुग्णाला खोटं काम लगेच कळतं. पुढच्या आठवड्यात मटार सोलणं, किराण्याची यादी, भाजीवाल्याशी भाव. आज काय शिजवायचं हे पहिल्या दिवसापासून तिलाच विचारा.

कणीक मळणं, पोळ्या लाटणं, कपडे पिळणं, बादली, कुकर उचलणं, हे डॉक्टर सांगेपर्यंत नाही, साधारण महिना-दीड महिना.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कायमचं लक्षात ठेवा: त्या हाताला शक्यतो सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट बांगड्या-अंगठ्या नकोत, विळी-चाकू आणि तव्याची भाजणूक सांभाळा. हात जड वाटला, सूज आली किंवा लाल झाला तर दाखवायला उशीर करू नका.

## टप्पा ६: आरसा

याबद्दल घरात कुणी बोलत नाही. जखम पहिल्यांदा कधी बघायची, हे तिनं ठरवायचं. शक्यतो ड्रेसिंग बदलताना, सिस्टर सोबत असताना, आधी मान खाली घालून, मग आरशात. घरातले आरसे झाकू नका. त्यातून बघण्यासारखं काही उरलं नाही, असा अर्थ निघतो.

नवऱ्यांसाठी एवढंच: दारात उभे राहू नका. बाबा पहिला आठवडा उंबऱ्यावरूनच विचारपूस करायचे. त्यांना वाटायचं तिला संकोच होईल, तिला वाटायचं त्यांना बघवत नाही. एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना ते आत गेले आणि तिच्या गाऊनची बटणं लावायला लागले. चष्मा नव्हता, एक बटण चुकलं. ते चुकलेलं बटण आईनं दिवसभर तसंच ठेवलं.

जखम भरत असताना मऊ सुती भरण घातलेली हलकी अंतर्वस्त्रं मिळतात किंवा शिवून घेता येतात. सिलिकॉनचं वजनदार भरण जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून.

## टप्पा ७: पुढची तारीख

आता बेत. तो लहान असावा, तारखेचा असावा आणि रुग्णाच्या आवडीचा असावा. "बरी झालीस की काशीला जाऊ" हा बेत दिसत नाही इतका लांब आहे. "रविवारी गच्चीवर चहा" हा दिसतो. मग कोपऱ्यापर्यंत चालणं, मग अन्नपूर्णेचं दर्शन सकाळी गर्दी नसताना. आईनं पाचव्या आठवड्यासाठी इंदुरातल्या सानंद या संस्थेचं नाटक ठरवलं, केमो सुरू होण्याआधी, डॉक्टरांना विचारून. कडेची खुर्ची घेतली, ऑपरेशनच्या बाजूला मी बसले, म्हणजे जाता-येता कुणाचा धक्का लागणार नाही. मध्यंतरात बाहेरच्या रेट्यात गेलो नाही, जागेवरच बसलो. केमो सुरू झाल्यावर गर्दीच्या जागा टाळायच्या असतात, म्हणून असे बेत आधी उरकून घ्या.

बेत मोडला तर नवी तारीख त्याच दिवशी लिहा.

उपचार किंवा दुसरा सल्ला घ्यायला मुंबईला जाणाऱ्यांसाठी: अवंतिका एक्सप्रेसनं रात्रीत पोचता येतं. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दवाखान्याकडून भरून घ्यावं लागतं, ते आठवडाभर आधीच मागा. खालचा बर्थच घ्या.

मनाची तपासणी, दर रविवारी: दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास; आवडीच्या कशातच मन नाही; झोप-भूक गेलेली; "माझं ओझं झालंय" असं सारखं बोलणं. हे दिसलं तर समजूत घालत बसू नका, तिच्या डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर औषध आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. जीव नको झाल्याचं बोलली तर त्याच क्षणी फोन करा आणि तिला एकटं सोडू नका.

हीच तपासणी सेवा करणाऱ्याचीही करा. दहाव्या दिवशी मी आईवर ओरडले, ड्रेनच्या आकड्यावरून. तेव्हा वहिनी पुण्याहून आली, तीन रात्री तिनं घेतल्या, आणि मी घरी जाऊन झोपले. रात्रपाळी सलग तीनपेक्षा जास्त एकाच माणसाकडे देऊ नका.

उपचार संपल्यावर पहिली तीन वर्षं सहसा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दुसऱ्या बाजूचा स्तन असेल तर त्याची मॅमोग्राफी दरवर्षी. प्रत्येक तपासणीच्या आधीच्या आठवड्यात भीती परत येते, घरातलं वातावरण बदलतं. ती तारीख कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहा, आणि त्याच दिवशी संध्याकाळचं काहीतरी तिला आवडणारं ठरवून ठेवा, रिपोर्ट हातात आलेला असो वा नसो. आमच्याकडे त्या संध्याकाळी आई कुणालाही स्वयंपाकघरात येऊ देत नाही. वरणफळं करते, कणीक मात्र मी मळून देते.